नायिकांची गोधडी

विरलेले लुगडे टाकून देण्याची चैन आपल्या घरांना पिढ्यान्पिढ्या परवडली नाही. नऊवारीतून लेकीचे परकर-पोलके निघे, परकर विटला की तान्ह्याचे दुपटे होई, आणि त्यानंतरही जी धडुती शिल्लक राहत, ती अखेरीस गोधडीच्या दप्तरी दाखल होत. कोल्हापूर-साताऱ्याकडे जिला वाकळ म्हणतात, ती हीच. गाडगेमहाराजांना लोक ‘गोधडेबुवा’ म्हणत, त्यामुळे या वस्त्राच्या प्रतिष्ठेविषयी निराळी शिफारस नको.

मराठी साहित्यातील स्त्रियांचा गौरव करायचा तर तो याच वस्त्रावर करावा, असे माझे मत आहे. मात्र चेहरे भरतकामात काढण्याचा किंवा छापील चित्रे डकवण्याचा जो मोह अलीकडे दिसतो, तो कटाक्षाने टाळावा, कारण गोधडी माणसाची आठवण ठेवते ती त्याच्या अंगावरच्या कापडाने, आकृतीने नव्हे.

प्रथम कापड धुऊन त्याची खळ घालवावी. जमिनीवर खालचा पदर ताणून अंथरावा, त्यावर जुन्या धोतरांचे, लुगड्यांचे थर द्यावेत, वरच्या पदरावर ठिगळे मांडावीत, आणि सगळे कच्च्या टाक्यांनी टाचून मग धावदोरा धरावा. शिवणारी बाई गोधडीवरच ठाण मांडते, डाव्या तळहाताने थर दाबून धरते आणि कडेपासून मध्याकडे सरकत येते. टाका ज्वारीच्या दाण्याएवढा, आणि दोन ओळींमध्ये जेमतेम बोटाचे अंतर. ओळी दाट असल्या की वरचे कापड विरले तरी आतले थर जागचे हलत नाहीत, आणि गोधडीची खरी मजबुती तीच.

आता ठिगळांची निवड. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ 1890 पासून ‘करमणूक’मध्ये प्रसिद्ध होऊ लागली, तिच्यातील यमूसाठी तांबडे आलवणच हवे, कारण केशवपनाचा जुलूम सोसून आपली हकीकत स्वतःच सांगणाऱ्या त्या मुलीला रेशीम देणे म्हणजे तिची थट्टा होय. देवलांच्या शारदेला (1899) पिवळी अष्टपुत्री द्यावी. म्हाताऱ्या भुजंगनाथाच्या गळ्यात बांधण्यासाठी बापाने तिचा सौदा केला, तो मोडला गेला, म्हणून या पिवळ्या रंगाला विषादाची छटा लागू देऊ नये. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तील सिंधूचे पातिव्रत्य आजच्या वाचकाला जाचक वाटेल, मलाही वाटते, पण दारूने धुळीला मिळालेल्या संसारात जात्याशी बसून घर चालवणारी ही बाई वगळणे न्यायाचे नव्हे, म्हणून तिच्या वाटणीचे ठिगळ मुळातच ठिगळ लावलेल्या लुगड्याचे असावे. 1919 साली हे नाटक रंगभूमीवर आले, तेव्हा गडकरी हयात नव्हते. तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधील बेणारेबाईंसाठी मी साडीचा विचारच करीत नाही: सामंताजवळचा जो हिरव्या कापडाचा पोपट त्या नाटकात येतो, त्याच्यासारखे हिरवेगार कापड कोपऱ्यात लावावे. खटल्याचा खेळ मांडून एका शिक्षिकेची अब्रू चव्हाट्यावर आणणाऱ्या त्या मंडळींत सामंतच काय तो थोडा माणसासारखा वागला.

एवढ्या निवडीनंतर एक गोष्ट डोळ्यांत खुपते. आलवण काय, अष्टपुत्री काय, ही बहुतेक वस्त्रे एकाच थराच्या घरांतली. उलट ज्या बायका दारोदार फिरून इतरांच्या गोधड्या शिवत आल्या, त्यांच्या थरातील स्त्री मराठी कादंबरीत नायिका म्हणून फार उशिरा आली. अण्णा भाऊ साठ्यांनी तमाशाच्या फडातील वैजयंतेला ते स्थान दिले. रिवाजाप्रमाणे गोधडीच्या मध्यभागी घरातले सर्वांत चांगले, जरीकाठाचे कापड लागते. माझ्या गोधडीत ती जागा वैजयंतेची, आणि तीवर अन्य कोणाचा दावा मी मान्य करणार नाही.