कॅसेटमध्ये नवीन लेव्हल शिरते कुठून? कार्ट्रिज आणि डीएलसीची गोष्ट

आज एक साधा वाटणारा प्रश्न घेतलाय. फोनवरचा गेम अपडेट झाला की नवीन मॅप येतो, नवीन कॅरेक्टर येतं, आणि आपल्याला त्याचं काही नवल वाटत नाही. पण कार्ट्रिजवर येणाऱ्या गेमचं काय? कार्ट्रिज म्हणजे आपल्याकडे जिला सगळे 'कॅसेट' म्हणायचे, तीच. ती कारखान्यात बनली, डब्यात बसली, दुकानात आली. आता तिच्यात नवीन लेव्हल घालायची कशी?

आधी कॅसेटच्या आत काय असतं ते बघू. नाव कॅसेट असलं तरी आत टेप नसते, रॉम चिप असते. रॉम म्हणजे फक्त वाचता येणारी मेमरी. छापलेलं पुस्तक जसं कितीही वेळा वाचा, पण त्यात नवीन धडा उगवत नाही, तसंच. मग आपला सेव्ह कुठे राहायचा? त्यासाठी एक छोटीशी वेगळी मेमरी असायची, आणि जुन्या कॅसेटमध्ये ती जिवंत ठेवायला घड्याळासारखा गोल सेल. सुपर निन्टेंडोच्या बऱ्याच कॅसेटमध्ये ही जागा २ ते ८ किलोबाइट होती. तुमच्या फोनमधला एक फोटो याच्या शेकडो पट मोठा असतो. तेवढ्या जागेत कोणत्या लेव्हलला आहोत हे लिहिता येतं, पण आख्खी लेव्हल मावत नाही.

म्हणजे प्रश्न जागेचा आहे. नवीन मजकूर ठेवायचा कुठे? गेल्या तीसेक वर्षांत याची चार उत्तरं निघाली.

पहिलं उत्तर: कॅसेटवर कॅसेट. १९९४ मध्ये सेगाने 'सॉनिक अँड नकल्स' आणला. या कॅसेटच्या डोक्यावरच एक खाच होती. तिथे 'सॉनिक ३' ची कॅसेट खोचली की दोन्ही मिळून एक मोठा गेम व्हायचा. 'सॉनिक २' खोचली तर त्या जुन्या गेममध्ये नकल्स घेऊन खेळता यायचं. इंटरनेटचा पत्ता नाही, डाउनलोड नाही, तरी जुन्या गेममध्ये नवीन हिरो आला!

दुसरं उत्तर थेट आकाशातून आलं. १९९५ मध्ये जपानमध्ये निन्टेंडोने 'सॅटेलाव्ह्यू' सुरू केलं. सुपर फॅमिकॉमच्या खाली बसणारं एक यंत्र, वर एक खास कॅसेट, आणि त्या कॅसेटमध्ये खोचायचा एक छोटा मेमरी पॅक. त्याची क्षमता ८ मेगाबिट, म्हणजे बरोबर १ मेगाबाइट. उपग्रहावरून ठरलेल्या वेळी डेटा प्रसारित व्हायचा आणि पॅकवर उतरायचा. काही नेहमीच्या गेमच्या कॅसेटनाही या पॅकसाठी खाच दिलेली होती. घोड्यांच्या शर्यतीचा 'डर्बी स्टॅलियन ९६' त्यातलाच एक. पॅक खोचला की गेम त्यातला जादा डेटा वाचायचा. आज आपण ज्याला डीएलसी म्हणतो, ते हेच की!

पण गंमत पुढे आहे. सॅटेलाव्ह्यूच्या काही गेममध्ये निवेदकाचा आवाज आणि संगीत प्रसारणातून थेट यायचं, पॅकवर साठायचंच नाही. सेवा २००० मध्ये बंद झाली. ज्या आवाजाचं कोणी घरी रेकॉर्डिंग केलं नाही, तो गेला तो गेलाच.

तिसरं उत्तर जरा चलाख आहे: नवीन काही पाठवायचंच नाही, आधीच आत भरून कुलूप लावायचं. निन्टेंडो डीएसच्या पहिल्या मॉडेलमध्ये गेमचा डेटा साठवायला स्वतःची जागा जवळजवळ नव्हती. म्हणून २००६ च्या 'पोकेमॉन डायमंड' आणि 'पर्ल' मध्ये खास जागा, खास प्रसंग कार्डवरच होते. वाय-फायवरून यायची ती फक्त किल्ली, म्हणजे अगदी छोटासा डेटा. त्यात 'अझ्युअर फ्लूट' नावाची एक बासरी होती. ती वाजवली की आर्सिअस भेटणार होता. प्रसंग कार्डमध्ये तयार होता, पण त्या गेमसाठी बासरी कधी वाटलीच गेली नाही. लाखो मुलांच्या खिशात ती खोली होती, दार मात्र बंद. २०१४ मध्ये डीएसची ऑनलाइन सेवा थांबली आणि अशा बऱ्याच किल्ल्यांची अधिकृत वाटच संपली.

चौथं उत्तर आजचं: कार्डाला हातच लावायचा नाही. निन्टेंडो स्विचमध्ये गेमकार्ड तसंच राहतं. अपडेट, डीएलसी आणि तुमचे सेव्ह कन्सोलमध्ये असतात, अपडेट आणि डीएलसी मायक्रोएसडी कार्डावरही जातात. गेम चालू झाला की कन्सोल दोन्हीकडे बघतो. नवीन फाइल असेल तर ती घेतो, नसेल तर कार्डावरची. छापील पुस्तकाच्या पानावर दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवावी, तसं. २०१७ च्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' ला त्याच वर्षी मिळालेले दोन्ही जादा भाग असेच आले.

आता मुद्द्याचं बोलू. यातून तुमच्या हातात नक्की काय आलं? कार्ड विकलं, तर त्याच्यासोबत गेमची पहिली आवृत्ती जाते. डीएलसी तुमच्या अकाउंटला बांधलेलं राहतं. घेणाऱ्याला ते पुन्हा विकत घ्यावं लागतं. आणि दुकान बंद झालं तर? ३डीएस आणि वी यू यांच्या ईशॉपवरची खरेदी मार्च २०२३ मध्ये बंद झाली. ज्यांनी आधी घेतलं नव्हतं, त्यांच्यासाठी ईशॉपवर विकलं जाणारं डीएलसी संपलं, हातात कार्ड असलं तरी. २०२५ मध्ये स्विच २ सोबत 'गेम-की कार्ड' आलं. त्यात तर गेमच नसतो. कार्ड म्हणजे नुसती किल्ली, गेम डाउनलोड करायचा, आणि खेळताना कार्डही आत हवंच.

डीएलसी वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. चुका दुरुस्त होतात, आवडता गेम वाढतो, छानच आहे. पण पैसे देण्याआधी तीन गोष्टी बघा. एक, डब्यावर जादा डाउनलोड लागेल असं लिहिलंय का. दोन, गेम बाहेरच्या देशातून आणलेला असेल, तर कार्ड कोणत्या प्रदेशाचं आहे, कारण काही गेममध्ये दुसऱ्या प्रदेशाच्या ईशॉपवरचं डीएलसी त्या कार्डाला ओळखतच नाही. तीन, सगळे भाग कार्डावरच छापलेली 'कंप्लीट' आवृत्ती आली आहे का. असेल, तर थोडं थांबून तीच घेणं शहाणपणाचं.

तीस वर्षांपूर्वीची सॉनिकची जोडी आजही खोचली की चालते, कोणत्याही सर्व्हरला विचारावं लागत नाही. तुमच्या कपाटातल्या कार्डांपैकी किती अशी आहेत, एकदा मोजून बघा आणि आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात!