पुंसंप्रेरके आणि प्रजनन ऊतींतील जनुक-अभिव्यक्तीचे नियमन

प्रस्तावना

नागपूरच्या विज्ञान संस्थेत प्रा. ए. गोपालकृष्ण व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय वटवाघळांच्या प्रजननाचा दीर्घकाळ अभ्यास केला. टॅफोझस लाँजिमॅनस ही जात वर्षभर प्रजनन करते, असे त्यांच्या १९५५ मधील शोधनिबंधातून दिसून आले. इतर अनेक जातींत मात्र प्रजनन विशिष्ट ऋतूपुरतेच मर्यादित असते. अशा नरांमध्ये वृषण व साहाय्यक ग्रंथी प्रजननकाळी वाढतात आणि नंतर आक्रसतात. पेशींतील जनुके तीच राहतात. बदलते ती त्यांची अभिव्यक्ती. हा बदल पुंसंप्रेरके कसा घडवितात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

क्रियेची यंत्रणा

टेस्टोस्टेरॉन मुख्यतः वृषणातील लायडिग पेशींत तयार होते. प्रोस्टेट ग्रंथीत ५-अल्फा-रिडक्टेज या विकरामुळे त्याचे अधिक प्रभावी अशा डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये रूपांतर होते. ही दोन्ही संप्रेरके एकाच ग्राही प्रथिनाशी जोडली जातात. या ग्राहीचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. संप्रेरकाच्या अभावी हे ग्राही पेशीद्रव्यात उष्माघात प्रथिनांच्या सान्निध्यात निष्क्रिय असते. संप्रेरक जोडले जाताच त्याची रचना बदलते, ते केंद्रकात शिरते आणि जोडीने डीएनएवरील विशिष्ट क्रमांना चिकटते. त्यानंतर सहसक्रियक प्रथिने तेथे जमतात व जनुकाचे प्रतिलेखन सुरू होते. काही जनुके याच मार्गाने दडपलीही जातात.

ऊतीनुसार भिन्न परिणाम

संप्रेरक रक्तावाटे सर्वत्र पोहोचते; तरीही प्रत्येक ऊतीचा प्रतिसाद वेगळा असतो. डीएनएचा कोणता भाग खुला आहे व कोणती साहाय्यक प्रथिने उपलब्ध आहेत, यावर तो अवलंबून असतो. प्रोस्टेटमध्ये फॉक्स-ए-१ हे प्रथिन ग्राहीसाठी वाट मोकळी करते. वृषणात शुक्राणुजनक पेशींमध्ये हे ग्राही कार्यरत नसते. संप्रेरकाचा संदेश त्यांना सर्टोली पेशींमार्फत मिळतो. सर्टोली पेशींतील ग्राही काढून टाकलेल्या उंदरांमध्ये शुक्राणुनिर्मिती अर्धसूत्री विभाजनाच्या टप्प्यावर थांबते, असे २००४ मधील प्रयोगांत आढळले.

वैद्यकीय महत्त्व

प्रोस्टेटच्या तपासणीत मोजले जाणारे पीएसए हे प्रथिन पुंसंप्रेरक-नियंत्रित जनुकाचेच उत्पादन आहे. म्हणून फिनास्टेराइडसारखे ५-अल्फा-रिडक्टेजरोधक औषध काही महिने घेणाऱ्या रुग्णात पीएसएची पातळी साधारणतः निम्म्यावर येते. औषधाची माहिती चिकित्सकास नसल्यास कमी झालेला आकडा खोटा दिलासा देऊ शकतो.

पुंसंप्रेरके घटविल्यास प्रोस्टेटचा प्रगत कर्करोग आटोक्यात येतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखविले. या कार्यासाठी त्यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तथापि कालांतराने बहुतेक प्रगत अर्बुदे या उपचाराला दाद देईनाशी होतात. ग्राहीच्या जनुकाच्या प्रती वाढतात, त्यात उत्परिवर्तन होते किंवा अर्बुद स्वतःच संप्रेरक तयार करते. म्हणजे रक्तातील संप्रेरक घटले तरी ग्राही क्रियाशील राहते. याउलट पुंसंप्रेरक-असंवेदनशीलतेत ग्राही सदोष असल्याने संप्रेरक भरपूर असूनही एक्स-वाय गुणसूत्रे असलेल्या व्यक्तीची बाह्य लक्षणे स्त्रीसारखी असू शकतात.

समारोप

रक्तातील संप्रेरकाची मात्रा ही केवळ अर्धी माहिती होय. ग्राहीची अवस्था आणि ऊतीचा स्वभाव लक्षात घेतल्याविना जनुकांचा प्रतिसाद उलगडत नाही. वटवाघळाच्या ऋतुचक्रापासून कर्करोगाच्या उपचारापर्यंत हेच सूत्र लागू पडते. प्राणिशास्त्र, जीवरसायनशास्त्र व वैद्यकशास्त्र यांच्या अध्यापनात या विषयाची सांगड घातली जाणे म्हणूनच अगत्याचे आहे.