स्पर्शापलीकडील स्तनविकृती : सुई कोठे लावावी ?

दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न ही त्रिविध रोगीपरीक्षा आपण सर्वजण विद्यार्थिदशेपासून अनुसरत आलो आहोत. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात दहाव्या अध्यायात स्तनरोगांचे व अकराव्या अध्यायात ग्रंथी-अर्बुदांचे विवेचन आहे. परंतु जी विकृती हाताला लागतच नाही, तिच्याबाबत वैद्याने काय करावे ? काही वर्षांपूर्वी जतमधील आमच्या दवाखान्यात हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला.

तालुक्याच्या पूर्व भागातील पन्नाशीच्या एक भगिनी पुण्याला लेकीकडे गेल्या असता तेथे त्यांची मॅमोग्राफी झाली. डाव्या स्तनात कॅल्शियमच्या सूक्ष्म कणांचा पुंजका, बायरॅड्स वर्ग ४, बायॉप्सी करावी, असा अहवाल होता. आम्ही दोनदा तपासले. गाठ नाही, स्राव नाही, काखेतही काही नाही. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, हाताला काय लागत न्हाई, मग सुई मारायची कुठं ?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही कांचनार गुग्गुळ लिहून दिला व महिन्याने बोलावले. ही आमची चूक होती. आठवड्याने एका रेडिऑलॉजिस्ट स्नेह्यांनी ती दाखवून दिली, तेव्हा आम्ही स्वतः निरोप धाडून त्यांना पुढे पाठविले.

सुई कोठे लावावयाची, हे अशा वेळी प्रतिमा सांगते. विकृती सोनोग्राफीत दिसत असेल तर तोच मार्ग सर्वांत सोपा. जागा बधिर करून पडद्यावर सुईचे टोक प्रत्यक्ष पाहत, बहुधा १४ गेजच्या स्प्रिंगच्या सुईने ऊतीच्या बारीक पट्ट्या काढतात. भूल द्यावी लागत नाही आणि रुग्णा त्याच दिवशी घरी जाते.

कॅल्शियमचे सूक्ष्म कण मात्र सोनोग्राफीत बहुधा दिसत नाहीत. तेथे स्टिरिओटॅक्टिक पद्धती उपयोगी पडते. स्तन स्थिर दाबून ठेवून मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंनी १५ अंश कलून दोन क्ष-किरण चित्रे घेतात. डोळ्यांसमोर बोट धरून एकेक डोळा मिटल्यास बोट सरकल्यासारखे दिसते. तसेच दोन चित्रांत कण किती सरकले यावरून संगणक त्यांची खोली काढतो. १९७७ मध्ये स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील तज्ज्ञांनी हे तत्त्व स्तनासाठी वापरल्याचे प्रसिद्ध केले. आता व्हॅक्यूमची जाड सुई वापरून एकाच छिद्रातून अनेक तुकडे घेता येतात. काढलेल्या तुकड्यांचा क्ष-किरण काढून कण त्यात आले की नाही याची खात्री करतात व जागेवर धातूची सूक्ष्म खूण ठेवतात. केवळ एम.आर.आय.मध्येच दिसणाऱ्या विकृतीसाठी त्याच यंत्राच्या साहाय्याने बायॉप्सी करतात. पुढे शस्त्रक्रिया ठरल्यास बारीक तार घालून शल्यविशारदास जागा दाखविता येते.

केवळ बारीक सुईने पेशी काढल्या, तर कर्करोग दुग्धनलिकेच्या आतच आहे की भिंत भेदून बाहेर पडला आहे, हे कळत नाही. त्यासाठी ऊतीचा तुकडाच हवा. तुकडा निर्दोष आला तरी तो प्रतिमेशी जुळला पाहिजे. न जुळल्यास पुन्हा तपासणी करावी लागते.

याचा अर्थ आपल्या हाताचे मोल संपले असा नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर अभ्यास केला. प्रशिक्षित सेविकांनी दर दोन वर्षांनी केलेल्या स्तनतपासणीमुळे रोग लवकरच्या अवस्थेत सापडला आणि पन्नाशीच्या पुढील स्त्रियांत स्तनकर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. संपूर्ण वयोगटात मात्र ही घट निर्णायक ठरली नाही. हाताने शोधावे, पण हाताला लागले नाही म्हणून प्रतिमेतील दोष खोटा ठरवू नये.

यास्तव वैद्यबंधुभगिनी व औषधविक्रेते यांना आमची विनंती :

१) अहवालात वर्ग ४ किंवा ५ असल्यास बायॉप्सीपूर्वी औषधाची मुदत घालू नये. वर्ग ३ असल्यास साधारणतः सहा महिन्यांनी पुनर्तपासणी आवश्यक. वर्ग ० म्हणजे तपासणी अपुरी. ती पूर्ण करून घ्यावी.

२) 'सुई लावली की रोग पसरतो' या समजुतीस दुजोरा देऊ नये. सुईच्या मार्गात काही पेशी सरकू शकतात. तथापि त्यामुळे आयुष्य घटल्याचे आढळलेले नाही. बहुतेक बायॉप्सींत कर्करोग निघतही नाही, हेही रुग्णेस सांगावे.

३) रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसह चालू असलेल्या सर्व औषधांची यादी, आपली औषधे धरून, चिठ्ठीवर लिहून द्यावी. गोळ्या परस्पर बंद करू नयेत.

४) जुन्या मॅमोग्राफीच्या फिल्म रुग्णेसोबत पाठवाव्यात.

त्या भगिनींचा कर्करोग नलिकेच्या आतच सापडला. तारेच्या साहाय्याने तेवढा भाग काढला गेला, पुढे किरणोपचार झाले. आजही त्या सांधेदुखीच्या औषधासाठी आमच्याकडे येतात. त्यांच्या कागदांत आमची कांचनार गुग्गुळाची चिठ्ठी अजून आहे. ती त्यांनी टाकलेली नाही, आणि आम्हीही मागितलेली नाही.