खेड्यातलं चर्च कॅलेंडरवर चालतं की कापसावर? वऱ्हाडातल्या एका वर्षाची गोष्ट

डिसेंबरचा दुसरा-तिसरा आठवडा. या दिवसांत वऱ्हाडात कुठंही जा, पांढरंच दिसतं. शेतात पऱ्हाटी फुटलेली, घरात छतापर्यंत कापूस रचलेला, रस्त्याकडेच्या बाभळींना ट्रॅक्टरमधून उडालेले कापसाचे पुंजके अडकलेले. आणि अशाच एखाद्या गावात, टिनाच्या छपराच्या खोलीवर एक कागदी चांदणी टांगलेली दिसते. आत बल्ब लावलेला. ती खोली म्हणजे गावातलं चर्च.

चर्च म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वसई येते, नाहीतर गोवा. उंच मनोरे, पांढऱ्या भिंती, मोठी घंटा. अमरावती-अकोल्याच्या खेड्यातलं चर्च बहुतेक वेळा असं नसतं. पंचवीस-तीस घरांची मंडळी, कधी त्याहूनही कमी. बाकं असली तर ठीक, नाहीतर सतरंजी. चपला दाराबाहेर. गाण्याला पेटी आणि ढोलकी. पाळकसाहेब अनेकदा गावात राहतच नाहीत. तीन-चार गावं सांभाळतात आणि मोटरसायकलवर येतात.

या चर्चचं वर्ष दोन कॅलेंडरांवर चालतं. एक येशूच्या जन्मापासून पुनरुत्थानापर्यंतचं, जगभरातल्या चर्चमध्ये असतं तेच. दुसरं खरीप हंगामाचं. सण पहिलं कॅलेंडर ठरवतं, पण सणाला पैसे किती, माणसं किती आणि पाळकसाहेबांचा पगार वेळेवर होणार का, हे दुसरं ठरवतं. वऱ्हाडातली बहुतेक शेती कोरडवाहू आहे. तिथलं चर्चही कोरडवाहूच म्हणायला हवं.

पण इथं चर्च आलं कसं?

वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली होतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत इथं मिशनरी संस्था आल्या. एकाच गावात दोन मिशन भांडायला नकोत म्हणून त्या काळात प्रोटेस्टंट संस्था आपसात प्रदेश वाटून घ्यायच्या. अकोला, खामगाव, अमरावती या पट्ट्यात अमेरिकेतून आलेली ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’, बुलढाणा-वाशीमकडे ‘चर्च ऑफ द नाझरीन’, यवतमाळकडे ‘फ्री मेथडिस्ट’. त्यामुळे वऱ्हाडातलं एखादं घर नेमकं कुठल्या पंथाचं, याचं उत्तर बऱ्याचदा धर्मशास्त्रात नाही, तर शंभर वर्षांपूर्वी नकाशावर ओढलेल्या रेघेत सापडतं.

कॅथलिकांची व्यवस्था वेगळी. त्यांचा अमरावती धर्मप्रांत ८ मे १९५५ रोजी नागपूरमधून वेगळा झाला. चिखलदऱ्याजवळचं मरियमपूर ही त्यांची जुनी वस्ती. मेळघाटच्या पायथ्याला, परतवाड्याजवळच्या कोठारा इथलं कुष्ठरुग्णालय मात्र प्रोटेस्टंट मिशनच्या कामातून उभं राहिलं.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी वऱ्हाड पार मोडून काढलं. मिशनांनी अन्नछत्रं आणि अनाथालयं उघडली. इथल्या अनेक ख्रिस्ती घराण्यांचा इतिहास त्या दुष्काळातल्या एखाद्या पोरक्या मुलापासून सुरू होतो. थोडक्यात, जिथं पाऊस पडला नाही तिथूनच या चर्चची सुरुवात झाली.

नाताळ मोठा की छोटा, हे बाजार समिती ठरवते

आता वर्षाकडे येऊ. चर्चचं वर्ष १ जानेवारीला सुरू होत नाही. नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ, तिथून ते सुरू होतं. वऱ्हाडात हे दिवस नेमके वेचणीचे. दिवसभर बाया शेतात वाकून कापूस वेचतात आणि रात्री तरुण संघाची पोरं ढोलकी घेऊन घरोघरी नाताळगीतं गायला निघतात. दहा वाजता सुरू झालेली फेरी कधी पहाटे संपते, कारण प्रत्येक घरी चहा घ्यावाच लागतो.

फराळ दिवाळीचाच असतो. करंज्या, शंकरपाळे, चिवडा. शेजारच्या घरांतून दिवाळीत आलेले डबे नाताळात भरून परत जातात. पुण्या-मुंबईला गेलेली पोरं याच आठवड्यात येतात. एरवी पंधरा माणसांवर चाललेल्या उपासनेला २५ डिसेंबरला आत बसायला जागा नसते, बाहेर मंडप घालावा लागतो.

पण मंडप केवढा, जेवण पूर्ण गावाला की फक्त मंडळीला, हे कापसाच्या भावावर ठरतं. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला ८,११० रुपये. त्याच वर्षी केंद्र सरकारनं ऑगस्टपासून ३१ डिसेंबरपर्यंत कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ केलं आणि खुल्या बाजारातला भाव हमीभावाच्या खाली राहिला. सरकारी खरेदी केंद्रावर नंबर लागेपर्यंत थांबायचं की व्यापाऱ्याला कमी भावात देऊन नाताळचे कपडे घ्यायचे, हा प्रश्न ज्या घरात पडतो त्या घराला नाताळची तारीख थांबवता येत नाही.

३१ डिसेंबरच्या रात्री पुन्हा सगळे जमतात. वर्षभरात कोण गेलं, कोण जन्मलं, कुणाची बोअर लागली, सगळ्याची नोंद प्रार्थनेत होते. बाराच्या ठोक्याला घंटा वाजते. घंटा नसेल तर लोखंडी तुकड्यावर हातोडी.

एका अंड्याची किंमत किती?

वर्षातला सगळ्यात रंगतदार कार्यक्रम बाहेरच्यांना फारसा माहीत नसतो. तो म्हणजे हंगामाचा सण. याला उपकारस्तुतीचा सणही म्हणतात. पीक घरात आल्यावर प्रत्येक घर आपल्या उत्पन्नातला वाटा चर्चमध्ये आणतं. कापूस, तूर, हरभरा, ज्वारीची कणसं, भोपळा, कोंबडी, बकरीचं पिल्लू. ज्याच्याकडे शेत नाही तो चार अंडी आणतो, कुणी घरचं लोणचं.

उपासना झाली की या सगळ्याचा लिलाव होतो, आणि हा लिलाव बाजाराच्या सगळ्या नियमांच्या उलट चालतो. बाजारात घेणारा भाव पाडतो. इथं घेणारे भाव चढवतात, तेही हसत. दहा रुपयांचं अंडं शंभरला जातं. घेणारा ते परत दान करतो, पुन्हा बोली लागते, आता दीडशे. एकच भोपळा तीनदा विकला जातो आणि शेवटी ज्या म्हातारीनं आणला तिच्याच घरी परत जातो. नोकरीवाल्या पाहुण्याला तर लोक मुद्दाम बोलीत ओढतात. त्याची सुटका नसते.

आता हा सण आपल्याला बायबलइतका जुना वाटेल. पहिल्या पिकाचं अर्पण बायबलच्या जुन्या करारात आहेच. पण आजच्या रूपातला हंगामाचा सण सुरू केल्याचं श्रेय १८४३ साली इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या रॉबर्ट हॉकर नावाच्या पाळकाला देतात. तिकडे तो शरद ऋतूत होतो, गहू कापल्यावर. तीच तारीख वऱ्हाडात कशी चालेल? म्हणून इथल्या मंडळ्या आपापल्या पिकाप्रमाणे दिवस ठरवतात. शेजारच्या शेतात पहिल्या वेचणीला सीतादही करून दहीभाताचा नैवेद्य दाखवतात. दोन्हींतली भावना एकमेकांना समजावून सांगावी लागत नाही.

लिलावाची गंमत खरी, पण त्यामागचा हिशोब गंभीर आहे. परदेशी मिशनचा पैसा केव्हाच आटला. आता पाळकाचं मानधन, विजेचं बिल, छपराची डागडुजी हे सगळं रविवारच्या अर्पणातून आणि अशा सणांतून निघतं. रविवारच्या थैलीत मजुरी करणारी माणसं दहा-वीस रुपयेच टाकू शकतात. त्यामुळे या एका दुपारची बेरीज पुढचे कित्येक महिने पुरवायची असते. गुलाबी बोंडअळी आली की शेतकऱ्याचं नुकसान होतं हे बातमीत येतं. त्याच अळीमुळे पाळकसाहेबांचे तीन महिने थकले, ही बातमी कुठंच येत नाही.

उपवास, झावळ्या आणि पहाट

फेब्रुवारी-मार्चमध्ये उपवासकाळ लागतो. कॅथलिक घरांत कपाळाला राख लावून त्याची सुरुवात होते. ती राख गेल्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली असते. या चाळीस दिवसांत लग्नं होत नाहीत, काही घरांत मटण बंद. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी बायकांचा जागतिक प्रार्थना दिन. त्या दिवशी पूर्ण उपासना बायकाच चालवतात.

ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते याचं अनेकांना कोडं वाटतं. नियम असा: २१ मार्चनंतरच्या पौर्णिमेनंतर येणारा रविवार. म्हणजे हिशोब चंद्राचाच. २०२६ ची हनुमान जयंती २ एप्रिलला, गुड फ्रायडे ३ तारखेला आणि ईस्टर ५ तारखेला. गावाच्या एका टोकाला महाप्रसाद आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या टोकाला दुपारी बारा ते तीन शांतता. क्रुसावरच्या येशूच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. टिनाखाली, एप्रिलच्या उन्हात, तीन तास.

ईस्टरची उपासना मात्र पहाटे, अनेक ठिकाणी स्मशानभूमीत. आपल्या माणसाच्या कबरीवर मेणबत्ती लावून तांबडं फुटेपर्यंत गाणी. गाणी कुठली? अभंगाच्या आणि भजनाच्या चालीची. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे मराठी ख्रिस्ती भजनाला घरचा सूर दिला. तुकडोजी महाराजांच्या मोझरीमुळे सामुदायिक प्रार्थनेची सवय असलेल्या या मुलखात ते गाणं परकं वाटत नाही.

जून: पेरणी आणि दाखले

मे महिना मुलांच्या सुट्टीतल्या बायबल शाळेत आणि लग्नांत जातो. मग मृग येतो. पावसासाठी प्रार्थना होतात, पेरणी होते, आणि त्याच वेळी शाळा-कॉलेजचे प्रवेश सुरू होतात. इथं या चर्चचा सगळ्यात अवघड प्रश्न समोर येतो. दाखल्यावर काय लिहायचं?

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुस्लीम अजूनही बाहेर आहेत. वऱ्हाडातल्या मैदानी गावांतली बरीच ख्रिस्ती घरं मूळ दलित समाजातली. एकाच आजोबांच्या दोन नातवांपैकी बौद्ध घरातल्याला अनुसूचित जातीची शिष्यवृत्ती मिळते, ख्रिस्ती घरातल्याला नाही. मेळघाटातल्या कोरकू ख्रिस्ती कुटुंबाचं तसं नाही, कारण अनुसूचित जमातीचा दर्जा धर्माला बांधलेला नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्रानं माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नावर आयोग नेमला. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुदुच्चेरीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की, ख्रिस्ती धर्म पाळत असताना फक्त आरक्षणासाठी हिंदू असल्याचा दावा करता येणार नाही.

कायद्याची भाषा एवढी सरळ असली तरी जूनमधल्या एखाद्या संध्याकाळी बापाला पोराच्या अर्जावर नेमका रकाना भरायचा असतो. तो काय भरतो, यावर मंडळीत सहसा कुणी बोलत नाही.

पावसाळ्यातला रविवार

जुलै ते सप्टेंबर चर्च जवळपास झोपलेलं असतं. डवरणी, निंदण, फवारणी. उघडीप मिळाली की रविवार असो वा सोमवार, माणूस शेतातच जातो. पाळकसाहेबांची गाडी काळ्या मातीत रुतते. कधी उपासनेला चारच बाया असतात, तरी पेटी उघडली जाते. पंधरा ऑगस्टला कॅथलिक चर्चमध्ये झेंडा आणि मारियामातेचा सण एकाच सकाळी. सप्टेंबरात काही जण हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला जाऊन येतात.

२ नोव्हेंबरला कॅथलिकांचा मृतांचा दिवस. पावसाळ्यात कबरींवर वाढलेलं गवत विळ्यानं कापायचं, चुना मारायचा. तोवर पहिली बोंडं फुटलेली असतात. काही दिवसांत कुणीतरी माळ्यावर चढून गेल्या वर्षीची चांदणी खाली काढतं, उंदरांनी किती कुरतडली ते बघतं, आणि पोरांना नवा कागद आणायला तालुक्याला पाठवतं.