गाडी बाजूला घ्या, पण किती वेळ?

सोलापूरचा आसरा चौक मागे टाकला की होटगी रस्ता विमानतळाच्या कडेने कुमठ्याच्या साखर कारखान्याकडे आणि पुढे जंक्शनच्या गावाकडे निघतो. हंगामात उसाचे ट्रॅक्टर, बारमाही सिमेंटचे ट्रक, मठाच्या दर्शनाला निघालेली कुटुंबं, सीमा जवळ असल्याने मधूनच ‘केए’ पाटीच्या गाड्या, सगळ्यांचा रस्ता हाच. इथला प्रत्येक चालक एक वाक्य ओळखतो: ‘गाडी बाजूला घ्या.’ त्यानंतर लायसन, आरसी बुक, विमा, पीयूसी. आणि मग थांबणं. कायद्याने हे थांबणं किती वेळ चालू शकतं, याचं उत्तर गेल्या पंच्याऐंशी वर्षांत तुकड्यातुकड्याने घडत आलं आहे आणि ते अजून पुरतं घडलेलं नाही.

इंग्रजी अमदानीतल्या 1939 च्या मोटार वाहन कायद्याने चालकावर थांबण्याचं बंधन घातलं ते ‘वाजवी गरज असेल तितका वेळ’ अशा मोघम शब्दांत. वाजवी म्हणजे किती, हे रस्त्यावर उभ्या असलेल्या पोलिसाच्या मनावर राहिलं. पुढे 1988 चा नवा कायदा आला, 1 जुलै 1989 पासून लागू झाला, तरी कलम 132 मधली भाषा तीच होती. बदल झाला 14 नोव्हेंबर 1994 रोजी. त्या दुरुस्तीने कलमात प्रथमच घड्याळ आलं: आवश्यक तेवढाच वाजवी वेळ, पण 24 तासांपेक्षा जास्त नाही. शिवाय या कलमाखाली गाडी थांबवून ठेवायला सांगणारा पोलीस किमान फौजदार दर्जाचा आणि गणवेशात हवा, आणि त्या गाडीचा अपघाताशी किंवा मालमत्तेच्या नुकसानीशी संबंध हवा.

ही दुरुस्ती फारशी कुणाला ठाऊक नाही, आणि ते खटकतं. कारण तिचा अर्थ मोठा आहे. चोवीस तासांची मुभा आहे ती अपघातातल्या गाडीसाठी. हेल्मेट नाही, सिग्नल मोडला, पीयूसी संपली, अशा कारणासाठी अडवलेल्या माणसाला तासन् तास उभं ठेवायला हे कलम उपयोगी पडत नाही. तिथे पोलिसाला अधिकार मिळतो तो कलम 130 मधून, म्हणजे कागद मागण्याचा. कागद पाहून झाले, चलन फाडून झालं, की त्या अधिकाराचं काम संपतं. मिनिटांचा आकडा मात्र कुठेच लिहिलेला नाही.

अमेरिकेत नेमका हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नेब्रास्का राज्यात 2012 साली मध्यरात्रीनंतर एका चालकाला रस्त्याच्या कडेच्या पट्टीवरून गाडी नेल्याबद्दल थांबवलं. लेखी ताकीद देऊन झाली. त्यानंतर अमली पदार्थ हुंगणारा कुत्रा गाडीभोवती फिरवण्यासाठी त्याला आणखी सात-आठ मिनिटं थांबवून ठेवलं. 21 एप्रिल 2015 रोजी रॉड्रिग्ज खटल्यात न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितलं, की वाहतुकीच्या गुन्ह्याचं काम आटोपल्यावर रास्त संशय नसताना थांबवण्याचा वेळ वाढवता येत नाही. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी लिहिला. सात मिनिटांसाठी एवढा खल होऊ शकतो, हे होटगी रस्त्यावर अर्धा-पाऊण तास ताटकळलेल्या चालकाला नवल वाटेल. पण वेळ हा स्वातंत्र्याचाच भाग आहे, ही समज त्या निकालामागे आहे, आणि ती आपल्या घटनेच्या एकविसाव्या कलमाला परकी नाही.

आपल्याकडे वाट निघाली ती मुख्यतः कागदातून. कलम 206 प्रमाणे चालक पसार होईल किंवा समन्स चुकवील असं मानायला कारण असेल, तर पोलीस लायसन ताब्यात घेऊ शकतो. पण त्या बदल्यात पावती द्यावी लागते आणि त्या पावतीवर गाडी चालवता येते. माणूस अडकू नये, त्याचा कागद अडकावा, असा हा हिशेब. खाजगी गाडीचे कागद जवळ नसले तरी ते पंधरा दिवसांत सादर करण्याची सोय 1989 च्या केंद्रीय नियमांतल्या 139 व्या नियमाने दिली. मालवाहू गाड्यांना ती तशीच्या तशी मिळाली नाही, आणि थांबण्याचा भुर्दंड सगळ्यात जास्त पडतो तो त्यांनाच. कारखान्यावर नंबर लावून उभं राहायचं असताना वाटेत गेलेला तास कुणीच भरून देत नाही.

दारू पिऊन गाडी चालवण्याच्या बाबतीत मात्र कायद्याने घड्याळ चोख लावलं आहे. कलम 185 खाली अटक झाली, तर दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी झालीच पाहिजे. नाही झाली तर सोडून द्यावं लागतं. इतक्या गंभीर गुन्ह्यालाही दोन तासांची मर्यादा पाळता येत असेल, तर साध्या कागद-तपासणीला मर्यादा घालणं अवघड का असावं?

गाडीच अडकून पडते, त्याची कथा वेगळी. पोलीस ठाण्याच्या आवारात गंजत पडलेल्या दुचाकी महाराष्ट्रात कुठेही दिसतात. सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात 2002 साली सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की जप्त वाहनं दीर्घकाळ ठाण्यात ठेवण्यात काही अर्थ नाही. बंधपत्र घेऊन ती लवकर परत द्यावीत. निकाल स्पष्ट आहे, आवारं तरीही भरलेलीच राहिली.

गेल्या दशकात वेग आला तो मोबाइलमुळे. मुंबईत 2016 साली ई-चलन सुरू झालं आणि पुढे ते राज्यभर पसरलं. 2018 मध्ये डिजिलॉकर आणि एमपरिवहनमधले कागद ग्राह्य ठरले. 1 ऑक्टोबर 2020 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने आणखी एक पाऊल टाकलं. ऑनलाइन पडताळलेले कागद प्रत्यक्ष मागायचे नाहीत, आणि तपासणीची तारीख, वेळ व अधिकाऱ्याची ओळख पोर्टलवर नोंदवायची. एकाच गाडीला चौकाचौकात पुन्हा पुन्हा अडवू नये, हा त्यामागचा जाहीर हेतू होता. ऑगस्ट 2021 च्या नियमाने कॅमेऱ्यात टिपलेल्या गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांत पाठवणं बंधनकारक केलं. अशा गुन्ह्यात गाडी थांबवण्याची गरजच उरत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 प्रमाणे झडती आणि जप्तीचं दृक्‌श्राव्य चित्रीकरणही करावं लागतं. कागद तपासता तपासता डिकी उघडायला लावून झडती सुरू झाली, तर ती या कलमाच्या कक्षेत येते.

एवढं झाल्यावर राहिलेलं काम तसं छोटं आहे. 2020 च्या दुरुस्तीने तपासणीची वेळ नोंदवायला सांगितली. गाडी किती वाजता थांबवली आणि किती वाजता सोडली, या दोन नोंदी तिने मागितल्या नाहीत. त्या चलनावरच छापल्या, तर ‘वाजवी वेळ’ मोजता येईल, आणि सिमेंटच्या ट्रकचालकाला तक्रार करायला हातात काहीतरी असेल.