'स्मार्ट' म्हणावे की 'एलिगंट'?

तापी-गोमाईच्या संगमावर वसलेल्या प्रकाशा येथे केदारेश्वराच्या दर्शनाला साधी नऊवारी नेसून आलेल्या एखाद्या आजीबाईंचे वर्णन इंग्रजीत करायचे झाले, तर 'फॅशनेबल' हा शब्द चालेल काय? मुळीच नाही. 'फॅशनेबल' म्हणजे प्रचलित टूमेला धरून असलेले. टूम ओसरली की हे विशेषणही गळून पडते. 'ट्रेंडी' त्याहून अल्पजीवी. त्याला क्वचित थट्टेचीही छटा येते. 'स्टायलिश'मध्ये व्यक्तीची स्वतःची अभिरुची आणि ऐट दिसते.

आजींना शोभेल तो 'एलिगंट'. या शब्दाच्या लॅटिन मुळाचा संबंध 'निवडणे' या क्रियेशी आहे. नेमके निवडून, भपका टाळून साधलेला डौल, हा त्याचा अर्थ. फ्रेंचमधून आलेला 'शीक' त्याच्या जवळचा, पण त्यात शहरी झाक अधिक. स्पेलिंग पाहून त्याचा उच्चार मात्र 'चिक' करू नये.

खरी गफलत होते ती 'स्मार्ट'मुळे. ब्रिटिश वळणाने आपण नीटनेटक्या पोशाखाला 'स्मार्ट' म्हणतो. अमेरिकेत त्याचा पहिला अर्थ हुशार. तेथील वरिष्ठांना 'यू लुक स्मार्ट' म्हटल्यास पोशाखाचे कौतुक बाजूला राहून 'तुम्ही हुशार दिसता' असा अर्थ निघू शकतो! तेथे 'यू लुक शार्प' किंवा 'वेल-ड्रेस्ड' म्हणणे बरे.

थोडक्यात, टापटीप, टूम, ऐट की डौल, यांपैकी कशाची स्तुती करायची हे आधी मराठीत ठरवावे. मग योग्य इंग्रजी शब्द सापडणे अवघड नाही.