छोट्या आगगाडीचे कच्चे सांधे

पुण्यात कोथरूडला १९९८ साली छोट्या आगगाड्यांचं संग्रहालय सुरू झालं. ते पाहून आलेली मुलं घरी, शाळेत तशीच गाडी मांडायचा हट्ट धरतात. गाडी मांडता येते हो, पण टिकत नाही. पायऱ्या मोडतात, दांड्या निखळतात, डबे जोडणारे आकडे सुटतात. असं का होतं?

अशा गाड्यांचं सर्वांत प्रचलित माप १:८७ हे आहे. पेरांबूरच्या कारखान्यातला २१.३ मीटर लांबीचा डबा या मापात साडेचोवीस सेंटिमीटरांचा होतो. त्याच्या दाराजवळची दांडी २२ मिलिमीटर जाडीची धरली, तर ती उरते पाव मिलिमीटर, म्हणजे शिवणाच्या दोऱ्याएवढी. डबा लहान झाला, पण तो उचलणारा आपला हात काही लहान झाला नाही! शिवाय गोल दांडीची जाडी निम्मी केली की वाकण्याला तोंड देण्याची तिची ताकद निम्मी राहत नाही, आठवा हिस्सा उरते.

माझ्याकडच्या एका वाघिणीची पायरी मोडली. झटकन चिकटणारा गोंद लावला, पंधरवड्यात पुन्हा मोडली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेस तो तुकडाच हरवला, तेव्हा कुठं डोकं ताळ्यावर आलं. हा गोंद सरळ ओढ सोसतो. आडव्या धक्क्याला आणि सोलवटणाऱ्या ओढीला मात्र तो ठिसूळ. म्हणून जोर गोंदावर न टाकता धातूवर टाकावा.

त्याची रीत अशी. अर्ध्या मिलिमीटरची पितळी तार घ्या, नाही तर कागद टाचायची स्टेपलरची पिन घ्या. ती आयतीच पायरीसारखी वाकलेली असते. डब्याचा तळ जेमतेम दीड मिलिमीटर जाड, त्यात तार धरायची कुठं? आधी आतल्या बाजूनं प्लॅस्टिकचा जाड तुकडा बसवा. मग हातानं फिरवायच्या बारीक गिरमिटानं दोहोंतून मिळून तीन-चार मिलिमीटर खोल भोक पाडा. तार आत सरकवा आणि मग गोंदाचा एक थेंब सोडा. तो फक्त तारेला जागेवर धरतो, भार तार घेते. गोंदाची वाफ डोळ्यांना झोंबते. खिडकी उघडी ठेवा आणि हे काम लहान मुलांच्या हाती देऊ नका.

आकड्यांची गोष्ट निराळी. वीस वाघिणींच्या गाडीत पहिल्या वाघिणीच्या मागच्या आकड्यावर उरलेल्या एकोणीस वाघिणींची ओढ येते. तिथं गोंद मुळीच नको. आकड्याची डबी २ मिलिमीटरच्या स्क्रूनं आवळा, म्हणजे पुढं आकडा मोडला तरी बदलता येतो.

प्लॅस्टिकही ओळखावं लागतं. डब्याचं अंग बहुधा पॉलिस्टायरीनचं असतं. विरघळवून सांधणाऱ्या द्रावानं ते एकजीव होतं. आकडे आणि चाकांच्या बोग्या मात्र पुष्कळदा अॅसिटाल नावाच्या तुळतुळीत प्लॅस्टिकच्या असतात. त्यांना साधा गोंद धरत नाही. तिथं स्क्रू किंवा तारच हवी.

गुरुजींना पितळी तार मिळाली नाही, तर पुठ्ठ्याच्या डब्याला बांबूची बारीक काडी चालेल. मात्र ती वरून चिकटवायची नाही. भोक पाडून आत रोवायची आणि आतून पुठ्ठ्याची दुसरी घडी द्यायची.